थोरल्या पुलावरच्या उड्या

बटणकाकूंचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की काकूंना श्वास सोडून त्याला जागा करून द्यावी लागे. गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असलं तर ते बाहेर पडेपर्यंत तो परत घेता येत नसे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे आणि डब्यांत बटणं: शिंपल्याची, हाडाची, लाकडाची, पितळेची, आणि जी कशाचीच वाटत नाहीत तीही. नुसत्या खुळखुळाटावरून काकू डबा ओळखत. एकदा म्हणे शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण तुटून पडलं, तर काकू इथे गल्ल्यामागे बसल्या बसल्या म्हणाल्या, "चार भोकांचं. धाग्याने दगा दिला." ज्याचं बटण पडलं तो माणूस काही कधी सापडला नाही, त्यामुळे ही गोष्ट आजवर खोटी ठरलेली नाही.

दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असे आणि त्यावर 'विश्रांती' अशी पाटी. पाटी लावली की काकू गल्ल्यावरचा कीबोर्ड पुढे ओढत, कानांवर हेडफोन चढवत आणि समुद्रावर जात.

खेळाचं नाव 'सात बेटं'. सात बेटं, मधे खवळलेलं पाणी, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी बसून, एकमेकांशी बोलत, फळीला फळी बांधून पूल करायचे. एकट्यादुकट्याने पूल होत नाही. त्याला टोळी लागते. काकूंना धरून टोळीत बासष्ट माणसं होती. त्यांतल्या साठांना काकूंनी कधी पाहिलं नव्हतं, पण कुणाला दुपारी भात खाल्ल्यावर झोप येते आणि कुणाची बायको मागून ओरडते हे त्यांना पाठ होतं.

जिला पाहिलं होतं ती एकसष्टावी म्हणजे काकूंची विहीण. लेकीची सासू.

विहीणबाई दुसऱ्या गावी राहत. तीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलेलं, त्यामुळे बोलतानाही त्या परिच्छेद पाडत. आपण नाश्त्याला काय खाल्लं हेसुद्धा त्या 'सबब' म्हटल्याशिवाय सांगत नसत. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं दोन्ही विहिणी एकमेकींशी अशा बोलत की जणू मधे काचेची पेटी ठेवली आहे आणि ती फुटली तर भरून कोण देणार हे ठरलेलं नाही. "अहो विहीणबाई, आपण बसावं." "छे छे, आधी आपण." असं करता करता दोघी तासन्‌तास उभ्या राहत.

मग लेकीने शक्कल लढवली. आईला खेळ आधीच लावून दिला होता, तो तिने सासूलाही लावून दिला. हेतू एवढाच की दोघींनी दुपारी आपल्याला फोन करू नये. पण झालं भलतंच. समुद्रात वादळ आलं, विहीणबाईंचा पाय फळीवरून घसरला आणि काकू हेडफोनमध्ये किंचाळल्या, "अगं धर! दोर धर गं बयो!"

विहीणबाईंनी दोर धरला. वर आल्यावर धापा टाकत म्हणाल्या, "अगं, मेलेच असते की मी!"

त्या दिवसापासून दोघी 'अगं' झाल्या. रोज दोन ते चार, पुलाच्या कडेला खेळातल्या आपापल्या बाहुल्या बसवून, पाय पाण्यात सोडून गप्पा. लेकीच्या तक्रारी, जावयाच्या तक्रारी, गुडघे. काकूंच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेक लांब. काकूंना 'अगं' म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाइकं 'काकू' म्हणत, टोळी 'काकू' म्हणे, बँकेतला माणूससुद्धा 'काकू, इथे सही' म्हणे. दिवसातून एकदा कुणी 'अगं' म्हटलं की काकूंना आपलं वय आपल्या अंगावरून काढून खुंटीला टांगल्यासारखं वाटे.

आणि नेमकं तेच गेलं. का गेलं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

टोळीचा थोरला पूल पहिल्या बेटापासून सातव्यापर्यंत होता. विहीणबाई टोळीत यायच्या महिनाभर आधी तो बांधून झाला. त्याच्या आधीचे चार पूल पहिल्यांदा ओलांडतानाच पाण्यात गेले होते, त्यामुळे आता पहिला पाय कुणी टाकायचा म्हटल्यावर झाडून सगळ्यांना घरात कामं आठवली. चिठ्ठी टाकली. चिठ्ठी निघाली बटणकाकूंची.

काकूंची बाहुली पुलाच्या तोंडाशी आली. सगळे श्वास रोखून. आणि पाऊल टाकायच्या ऐवजी बाहुलीने टुणकन उडी मारली. मग आणखी एक. "काकू, काय करताय? चला ना!" टोळी ओरडत होती. तेवढ्यात समोरून डोंगराएवढी लाट आली, पुलावरून गेली आणि ओसरली. मगच काकू चालू लागल्या आणि सरळ सातव्या बेटावर पोचल्या. पूल जागचा हलला नाही.

बस. तेव्हापासून थोरल्या पुलावर पाय ठेवण्याआधी उड्या मारायच्या हा टोळीचा रिवाज झाला. नव्या माणसाला दोर कसा वळायचा ते नंतर शिकवत, उड्या आधी. "काकूंना लाटेचा कानोसा लागतो," असं जुने लोक नव्यांना सांगत. काकू काही बोलत नसत. आधी त्यांना आपल्याबद्दल काय चाललंय हे कळलंच नव्हतं, आणि कळलं तेव्हा ऐकायला बरं वाटू लागलं होतं.

दोन वर्षं सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग एका नव्या सभासदाने साधा प्रश्न विचारला, "उड्या नेमक्या किती मारायच्या?"

"दोन," एक म्हणाला.

"तीन," दुसरा म्हणाला.

आणि फळ्या जोडणाऱ्या टोळीत दोन फळ्या झाल्या.

दोनवाल्यांचे म्होरके होते एक भूल देणारे डॉक्टर. त्यांचा आवाज इतका मऊ होता की ते बोलायला लागले की निम्मी टोळी पेंगे, आणि ठराव त्या अवस्थेत पास होत. तीनवाल्यांच्या पुढारी विहीणबाई. कुलूप दुरुस्त करणाऱ्या एका सभासदाने काकूंनी पहिल्यांदा पूल ओलांडला तेव्हाचं जुनं चित्रण शोधून काढलं. त्यात दोन उड्या लख्ख दिसत होत्या. मग मधून एका होडीचं शीड गेलं, आणि शीड सरकल्यावर काकू पुलावर चालत होत्या.

"जे दिसतं ते दोन," डॉक्टर मऊपणे म्हणाले.

"शिडामागे काय झालं? आवाज ऐका!" विहीणबाई कडाडल्या. "थप, थप, आणि शीड असताना आणखी एक थप. ऐकलेलं पुराव्यात धरत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तो थप शिडाचा आहे, मॅडम."

"शिडाची फडफड असते. तीस वर्षं मी लोकांचं खोटं टाइप केलंय, डॉक्टर, मला थप कळतो."

दोनवाले तीनवाल्यांना 'उडाणटप्पू' म्हणू लागले, तीनवाले दोनवाल्यांना 'अर्धवट'. एकमेकांच्या फळीला गाठ मारायची नाही, दोर द्यायचा नाही. शेवटी ठरलं की येत्या रविवारी दुपारी दोनला टोळी फोडायची. खेळाच्या नियमाप्रमाणे टोळी फुटली की पूल उसवतो आणि फळ्या निम्म्या निम्म्या होतात.

दोन्ही बाजू काकूंकडे आल्या. ज्या बाईने उड्या मारल्या तीच जिवंत असताना भांडायचं कशाला?

"आठवत नाही बाई," काकू म्हणाल्या.

"अगं, तीन होत्या ना? नुसतं तीन म्हण," विहीणबाई म्हणाल्या.

"खरंच आठवत नाही गं."

मग विहीणबाईंचा आवाज आला, इस्त्री केलेला.

"ठीक आहे. आपली इच्छा. आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व, विहीणबाई."

आपली. आपल्याला. काचेची पेटी परत मधे आली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, काय केलंस तू? सासूबाई तुला 'तुझ्या मातोश्री' म्हणतायत! सकाळपर्यंत 'तुझी आई' होती!"

"काही नाही गं. खेळातलं आहे."

"मग खेळातच ठेवा ना! इथे मी कोणत्या फळीत आहे असं विचारलं मला, भाजी चिरताना!"

काकूंनी फोन ठेवला. खालच्या फळीवर, अगदी मागे, चेपलेला एक डबा होता, त्यावर 'किरकोळ' लिहिलेलं. त्यांनी तो काढला, उघडला आणि त्यातल्या एकुलत्या एक बटणाकडे बघत बसल्या.

तपकिरी बटण. कोटाचं, चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं.

त्याची कुळकथा अशी. ज्या आठवड्यात पूल बांधून झाला, त्याच आठवड्यात विहीणबाई येऊन गेल्या होत्या आणि आपला कोट बटणं पक्की लावायला ठेवून गेल्या होत्या. बटणं पाकिटात, वर टंकलिखित: 'एकूण नग सहा'. काकू एका हाताने बटण लावत होत्या आणि दुसऱ्या हाताने पूल ओलांडायला निघाल्या होत्या. सहावं बटण निसटलं, टप्पा घेतला आणि कीबोर्डच्या त्या लांब पट्टीखाली जाऊन बसलं, जी दाबली की बाहुली उडी मारते. पट्टी अडकली. बाहुली उडायला लागली. काकूंनी हेडफोन फेकला, कीबोर्ड उलटा धरला आणि गल्ल्यावर धडाधड आपटला. पट्टी सुटली, लाट निघून गेली, आणि काकू सातव्या बेटावर.

बटण मात्र आतच. ते सुईने टोकरून काढेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तोवर काकूंनी विहीणबाईंना फोनवर सांगून टाकलं होतं, "अहो, पाकिटात पाचच होती!"

"मी सहा मोजून दिली होती."

"बटणं मोजायला मला शिकवू नका, विहीणबाई. माझा धंदा आहे."

आता सापडलं असं कसं सांगणार? ज्या बाईला तिसऱ्या मजल्यावरचं बटण ऐकू येतं, तिला स्वतःच्या नाकाखालचं सापडलं नाही? काकूंनी जवळपास तसंच, पण रंगाला थोडं गडद बटण लावून कोट पाठवून दिला. पुढे मैत्री झाल्यावर विहीणबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "जाऊ दे गं, पाच तर पाच. माझीच मोजणी चुकली असेल." हे त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. कोर्टालासुद्धा नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्या कोट घालून फोनच्या पडद्यावर येत, तेव्हा वरून तिसरं ते गडद बटण काकूंकडे डोळा रोखून बघे.

म्हणून काकूंना 'तीन' म्हणता येईना आणि 'दोन' म्हणता येईना. काही म्हटलं की पुढचा प्रश्न 'का' असणार होता.

रविवार उजाडला. पावणेदोनला काकूंनी शटर ओढलं. आज पाटी लावायला विसरल्या. हेडफोन चढवला. पुलाच्या एका टोकाला दोनवाले, दुसऱ्या टोकाला तीनवाले. सगळ्यांच्या हातात फळ्या उसवायच्या पहारी. डॉक्टरांचं मऊ भाषण सुरू होतं आणि तीनचार बाहुल्या जागच्या जागी डुलत होत्या.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मला बोलायचंय. त्या उड्यांबद्दल."

डुलणाऱ्या बाहुल्या खडबडून जाग्या झाल्या.

"काकूंना आठवलं!" कुलूपवाला ओरडला. "बोला काकू! दोन ना?"

"मला लाटेचा कानोसाबिनोसा काही लागत नाही. माझ्या कीबोर्डमध्ये बटण अडकलं होतं."

मागे कुणाच्या तरी घरी भांडं पडलं.

"म्हणजे... कुठलं बटण?" कुलूपवाल्याने विचारलं.

"कोटाचं रे! शिवत होते. पडलं, पट्टीखाली गेलं, बाहुली उडायला लागली. दोन वर्षं तुम्ही सगळे माझ्या गबाळेपणाच्या उड्या मारताय."

आता हसतील, काकूंना वाटलं. नाहीतर चिडतील. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"काकू, एक शंका. भोकं किती होती?"

"कशाला?"

"बटणाला."

"चार."

"चार!" दोन्ही टोकांना एकदम कल्लोळ झाला. "म्हणजे उड्या चार!" "चार भोकांचा उड्यांशी काय संबंध?" "संबंध नाही तर विचारलं कशाला?" "अहो, दोन भोकांमधून दोन वेळा धागा जातो, म्हणजे चार भोकांचे दोन टाके, म्हणजे दोनच!" "टाका उलटा घातला तर तीन दिसतो!"

"अरे गाढवांनो!" काकूंचा आवाज चढला. "उड्या किती झाल्या ते मला माहीतच नाही! मी कीबोर्ड उलटा करून आपटत होते! स्क्रीनकडे बघतंय कोण!"

बासष्ट माणसांनी दोन महिने ज्या गोष्टीवरून एकमेकांचा उद्धार केला होता, ती गोष्ट जिने केली तिनेच पाहिली नव्हती.

मग पुलाच्या लांबच्या टोकाकडून इस्त्री केलेला आवाज आला.

"बटणाचा रंग?"

काकूंनी डोळे मिटले. "तपकिरी."

"कडेला टवका?"

"उडालेला."

"कोणत्या बाजूने?"

"एका भोकाला लागून. विहीणबाई, सहाच होती. तुम्ही बरोबर मोजली होती. मीच..."

एक लाट आली, गेली. काकू वाट बघत होत्या त्या थंडगार 'आपण'ची, की आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती, सबब यापुढे आपला आमचा संबंध लेकीपुरता.

"अगं चोरटे!" विहीणबाई किंचाळल्या. "अगं सटवे! दोन वर्षं मी स्वतःला वेडी समजतेय! डॉक्टरला दाखवून आले मी, विसरभोळेपणासाठी! खुडूक कोंबडीसारखी बसून होतीस ना माझ्या बटणावर? अगं लाज कशी वाटली नाही तुला!"

बासष्टांतल्या साठ जणांनी घाबरून हेडफोन कानांपासून लांब धरले. काकू मात्र गल्ल्यामागे बसून हसत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. शिव्या त्यांना ऐकू आल्याच नाहीत. त्यांनी फक्त 'अगं' मोजले. तीन होते.

"आणि थांब," विहीणबाईंचा श्वास जरा जागेवर आला, "म्हणजे पूल तरला तो माझ्या बटणामुळे?"

"तुझ्याच गं."

"ऐकलंत, डॉक्टर? नोंद करा. माझ्या बटणामुळे." त्या आवाजाला आता पिसारा फुटला होता. "कोटाच्या. नग सहावा."

"नोंद घेतली," डॉक्टर म्हणाले. "माझी सूचना अशी, की या नव्या पुराव्याचा अभ्यास होईपर्यंत फळ्या उसवू नयेत. बटण उताणं पडलं होतं की पालथं, हे कळल्याशिवाय घाई नको."

"उताणं!" एक ओरडला.

"पालथं!" दुसरा ओरडला.

पण आता पहारी खाली ठेवलेल्या होत्या, आणि भांडायचं म्हटलं तर जवळ यावं लागतं, म्हणून दोन्ही टोकांची माणसं पुलाच्या मध्यावर येऊन भांडू लागली. तो अभ्यास अजून संपलेला नाही. संपणारही नाही असं कुलूपवाला खात्रीने सांगतो.

पुढच्याच आठवड्यात विहीणबाई कोट घेऊन स्वतः आल्या. दुकानात दोघी मावत नव्हत्या, म्हणून एकीने श्वास सोडला की दुसरीने घ्यायचा असं ठरलं. काकूंनी गडद बटण उसवलं आणि तपकिरी लावलं, मागून चार वेळा धागा ओढून, गाठीवर गाठ.

"आता हे मरणानंतरच सुटेल," काकू म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"कोटाच्या."

विहीणबाईंनी कोट घातला, वरून खाली सहा बटणं मोजली, परत खालून वर मोजली आणि दोन्ही बेरजा जुळल्या तेव्हाच बसल्या. मग हात पुढे केला.

"ते गडद दे इकडे."

"ते कशाला? त्याला जोडीदार नाही."

"दे म्हटलं ना. दोन वर्षं माझ्या छातीवर होतं ते, माझंच झालं."

सोमवारी दुपारी दोन वाजता काकूंनी शटर ओढलं, पाटी लावली आणि पुलाच्या तोंडाशी पोचल्या, तर तिथे ही गर्दी. मधोमध विहीणबाईंची बाहुली टुणटुण उड्या मारत होती. थांबायचं नावच नाही.

"अगं, काय करतेस?" काकू ओरडल्या.

"बटण घातलंय पट्टीखाली!" विहीणबाईंना हसू आवरत नव्हतं. "आपणहून किती मारते ते बघायचंय! मोजा सगळे!"

आणि बासष्टच्या बासष्ट माणसांनी, दोनवाल्यांनी आणि तीनवाल्यांनी, उताण्यांनी आणि पालथ्यांनी, एका आवाजात मोजायला सुरुवात केली. एकोणसाठपर्यंत अगदी बिनबोभाट गेलं. तेवढ्यात समोरून एका होडीचं शीड आलं.

"एकसष्ट," शीड सरकल्यावर डॉक्टर म्हणाले.

"बासष्ट!" विहीणबाई म्हणाल्या. "अगं, तू सांग, बासष्ट ना?"

काकूंनी हेडफोन नीट केला, खुर्ची पुढे ओढली आणि बाहुलीचे पाय पाण्यात सोडले.

"बासष्ट," त्या म्हणाल्या. "मी स्वतः मोजल्या."